बस, अंकलजी

मयूर विहार, दिल्ली
१२ नोव्हेंबर २०२४

ताई, नमस्कार.

पत्र मिळालं. मेतकूटही पोचलं, पिशवी फुटली नव्हती.

तुमच्या घरासमोर वृद्धांचं जे केंद्र निघालं आहे, तिथे शशिकांतला ठेवावं, असं तुम्ही तिसऱ्यांदा लिहिलंत. तुम्ही ह्यांची मोठी बहीण, तुमचा जीव तुटतो हे मला कळतं. पण माझं उत्तर बदललेलं नाही. हे स्वतःच्या पायांवर उभे राहतात तोवर हे घर सोडणार नाहीत. ज्या दिवशी मला ह्यांना खुर्चीतून उठवता येणार नाही, त्या दिवशी मी आपणहून कळवीन.

बुद्धी चालली आहे ती अडवता येत नाही, हे डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं. पाय मात्र टिकवता येतात म्हणाले. म्हणून त्यांनीच एका संस्थेचं नाव दिलं. विस्मरणाच्या रुग्णांकडून घरच्या घरी व्यायाम करून घेतात, व्हिडिओवर. आपण टॅबलेट टेबलावर टेकवून ठेवायचा. पलीकडे गुरुग्रामला एक मुलगी करून दाखवते, इकडे हे करतात. पडद्यावर सात-आठ म्हातारे एकदम दिसतात, पोस्टाच्या तिकिटांएवढे. मुलीचं नाव रुचिता. मराठी आहे म्हणून मी खूश झाले होते, पण सगळं आयुष्य गाझियाबादला गेलेलं, मराठी मोडकं. वर्ग हिंदीत घेते, कारण बाकीची घरं हिंदी बोलणारी. आपल्याला त्याचं काय! ह्यांचं हिंदी तिच्याहून चांगलं आहे.

तुम्हाला ऐकू येत नाही म्हणून फोन करत नाही, हे खरंच. पण दुसरंही कारण आहे. या दोन खोल्यांत मी फोनवर मोठ्यानं बोलू लागले की हे समोर येऊन विचारतात, "कोण आजारी आहे?" त्यापेक्षा पत्र बरं.

कुमुदिनी


पुणे
२५ नोव्हेंबर २०२४

कुमुद,

तुझं पत्र म्हणजे शाळेची सूचना. वाचून झाल्यावर खाली सही करावीशी वाटते.

बाई गं, पडद्यातली मुलगी व्यायाम शिकवणार! उद्या तो झोक जाऊन पडायला लागला तर काय पडद्यातून हात काढून धरणार आहे ती? तुम्हाला मूलबाळ नाही. उद्या तुला ताप आला, तुझा पाय मुरगळला, तर त्याला पाणी कोण देणार? केंद्र माझ्या दारासमोर आहे. मी रस्ता ओलांडला की शशीजवळ. यतीन म्हणतो, "आई, मी मामाला विमानानं घेऊन येतो, एका दिवसाचं काम." तू मात्र हट्टाला पेटली आहेस. आमच्या आईनंतर अशी हट्टी बाई मी पाहिली नाही, आणि आईशी माझं कधी पटलं नाही.

असो. एक कर. काय काय करून घेतात ते नीट लिही. ती काय म्हणते, तो काय करतो, सगळं. कान गेले, आता मला माझा भाऊ तुझ्या पत्रातच दिसतो.

ताई


मयूर विहार
१६ जानेवारी २०२५

ताई, नमस्कार.

उशीर झाला. इथे महिनाभर धुरानं खिडक्या उघडता आल्या नाहीत, खोकला झाला होता. माझा. ह्यांची तब्येत उत्तम आहे.

तुम्ही विचारलंत म्हणून वर्गाचं लिहिते. सुरुवातीला खुर्चीत बसून रबरी पट्टा ओढायचा. मग उभं राहायचं. खुर्ची पाठीशी हवी आणि घरच्या माणसानं हाताच्या अंतरावर थांबायचं, हा संस्थेचा नियम आहे. मी थांबते. उभं राहून टाचा उचलायच्या, मग गुडघे. रुचिता समोर करून दाखवते आणि मोजते, "पाँच, छह, सात, आठ... बस, अंकलजी, बस! बहुत बढ़िया!" पुढचा व्यायाम सुरू होईपर्यंत सगळ्यांनी उभंच राहायचं असतं. बाकीचे म्हातारे राहतात. आमचे साहेब मात्र तिनं "बस" म्हटलं की धप्पकन खुर्चीत! मागे बघतसुद्धा नाहीत. मग मी पुन्हा उठवायचं. ती पुन्हा मोजणार, हे पुन्हा बसणार.

रुचिता म्हणते, "थक गये होंगे, आंटी, बैठने दीजिए." थकलेले नाहीत. सकाळी दुधाला माझ्याबरोबर खाली येतात, बाग ओलांडून परत येतात, कुठे टेकत नाहीत. हा आळस आहे. कृषी भवनात, सरकारी नोकरीत जन्म खुर्चीवर गेला, ती सुटत नाही.

आणि शिष्टपणा वाढला आहे. शेजारचे गुप्ताजी लिफ्टमध्ये विचारतात, "कैसे हैं, साहब?" हे भिंतीकडे बघतात. गेटवरच्या चौकीदाराशी पूर्वी गप्पा मारून मला उभं करून ठेवायचे, आता त्याच्या नमस्काराला उत्तर नाही. परवा इथल्या महाराष्ट्र मंडळाची माणसं पानिपतला, काला अंबच्या युद्धस्मारकाला गेली. दर संक्रांतीला हे जायचे. महाराष्ट्रातून आलेल्या पाहुण्यांना तिथल्या लोकांचं बोलणं हेच मराठीत करून सांगायचे, सगळे ह्यांच्याभोवती. या वेळी मंडळातली प्रणिता न्यायला आली तर म्हणाले, "मी नाही येत. ती माणसं काय बडबडतात!" तिच्या तोंडावर दार लावलं. मला लाज वाटली.

माणसांचा कंटाळा आला असेल तर त्याला मी काही करू शकत नाही. आळसाला करू शकते. तीस वर्षं मुलांना गणित शिकवलं. बसकण मारणाऱ्या पोराला उभं कसं ठेवायचं, ते मला कोणी शिकवायला नको. पुढच्या आठवड्यापासून बघा.

कुमुदिनी


पुणे
२४ जानेवारी २०२५

कुमुद,

तुझं पत्र वाचून आधी हसले आणि मग चिडले.

तुझ्याच अक्षरात आहे, पुन्हा वाच. ती मुलगी "बस" म्हणते आणि तो बसतो. मग तो आळशी कसा गं? सांगितलेलं ऐकतो म्हणून शिक्षा करणार का त्याला? उठायला सांगितलं की उठतो, बसायला सांगितलं की बसतो, अजून काय करायचं त्या जिवानं? लहानपणापासून तसाच आहे. आई पाटाकडे बोट दाखवून "बस" म्हणायची, आणि हा हातातला भोवरा तिथेच टाकून बसायचा.

माझा राग त्या पोरीवर आहे. कोण लागून गेली ती, माझ्या भावाला "बस" म्हणणारी? अठ्ठ्याहत्तरीच्या माणसाला "बसा" म्हणावं, एवढंही शिकवलं नाही का तिला घरी? दिल्लीत राहून मराठी मोडलं असेल, रीतही मोडली? त्याला "बस" म्हणायचा हक्क आईचा आणि माझा. तू बायको असून कधी एकेरीत बोलली नाहीस. तिला सांग, पुढच्या वर्गापासून "बसा, काका" म्हणायचं. सांगशीलच. तू कोणाला भितेस!

तिळाचे लाडू यतीनबरोबर पाठवणार होते, पण त्याचं दिल्लीचं काम पुढे गेलं.

ताई


मयूर विहार
३० जानेवारी २०२५

ताई,

वाईट बातमी आहे. घरात कोणी असेल तेव्हा वाचा.

गेल्या आठवड्यात, बुधवारी, वर्ग चालू असताना हे पडले. पाठीमागे पडले. मांडीचं हाड खुब्यात मोडलं. शुक्रवारी शस्त्रक्रिया करून आत धातूचा सांधा बसवला. जीव वाचला आहे. भूल उतरल्यापासून गोंधळ फार वाढला आहे. नर्सला चिमटे काढतात, सलाईन उपसतात, म्हणून हात बांधावे लागले.

पाय सरकला असावा. मी शेजारीच होते.

तुम्ही येऊ नका. थंडी आणि धूर तुमच्या छातीला झेपणार नाही. मी घरी फक्त अंघोळीला जाते. तुमचं पत्र आलं असेल तर खाली पेटीत असेल.

कुमुदिनी


पुणे
८ फेब्रुवारी २०२५

कुमुद,

हात बांधले हे वाचल्यापासून जेवण गोड लागत नाही.

"पाय सरकला असावा" म्हणजे काय? पाय सरकेपर्यंत ती पडद्यातली बया काय करत होती? आधी माझ्या भावाला नोकरासारखं एकेरीत बोलते आणि मग पाडते. मी यतीनला सगळं सांगितलं. त्यानं संस्थेला कडक ईमेल केला. तो अशा बाबतीत बापावर गेला आहे, कोणाला सोडत नाही. काल उत्तर आलं की चौकशी होईपर्यंत त्या रुचिताला सगळ्या वर्गांवरून दूर केलं आहे, आणि चूक ठरली तर कामावरून काढतील. काढू देत.

माझं आधीचं पत्र मिळालं की नाही? त्यात तिच्याबद्दलच लिहिलं होतं.

ताई


मयूर विहार
१५ फेब्रुवारी २०२५

ताई,

तुमची दोन्ही पत्रं काल एकदम वाचली. यतीनला आजच सांगा की तक्रार मागे घे. रुचिताची चूक नाही. मीही संस्थेला कळवलं आहे. काय कळवलं ते तुम्हाला माझ्याकडूनच कळायला हवं.

पाय सरकला नाही. हे बसले. खुर्ची नव्हती.

खुर्ची मी काढली होती. बसतात म्हणून. मागे खुर्ची नाही म्हटल्यावर उभे राहतील, असा माझा हिशेब. हे टाचा उचलत होते आणि मी हळूच खुर्ची भिंतीकडे सरकवली. रुचिताला पडद्यावर ह्यांचं अंग दिसत होतं, मागचं दिसत नव्हतं. ती "आठ" म्हणाली, मग "बस, अंकलजी". हे नेहमीसारखे बसले. मी हात पुढे केला तोवर जमिनीवर होते.

पाय सरकला असं मी रुग्णालयात सांगितलं आणि तुम्हालाही तेच लिहिलं. ते खोटं होतं. तेव्हा मला वाटत होतं की आळसानं बसले, आणि मी नियम मोडला. एवढंच वाटत होतं.

मग तुमचं चोवीस तारखेचं पत्र उघडलं. "बसा" म्हणायला सांग, हे वाचून मला आधी कीव आली. वाटलं, ताई पुण्यात राहतात, त्यांना काय कळणार. रुचिता ह्यांना बसायला सांगत नव्हती. हिंदीत "बस" म्हणजे पुरे, थांबा. इथे पोरंसोरं दिवसभर म्हणत असतात. मी चाळीस वर्षं ऐकते आहे, मला त्यात दुसरं काही ऐकूच येत नाही. तुम्हाला आलं.

पत्र पिशवीत टाकलं आणि तशीच रुग्णालयात गेले. ह्यांना म्हटलं, "हाथ ऊपर कीजिए." माझ्या तोंडाकडे बघत राहिले. पुन्हा म्हटलं. चिडले. मग म्हटलं, "हात वर करा." लगेच केला. "पानी चाहिए?" काही नाही. "पाणी हवं?" मान हलवली.

हिंदी गेलं आहे, ताई. कधी गेलं, मला सांगता येणार नाही. गुप्ताजींना उत्तर देत नव्हते, कारण ते काय विचारतात ते कळत नव्हतं. पानिपतला जायला नको म्हणाले, तेव्हा तर शब्दांत सांगितलं होतं मला. मी त्याला शिष्टपणा म्हटलं. व्यायाम हे पडद्यावरचं बघून करत होते. त्या सबंध वर्गात ह्यांना कळणारा शब्द एकच होता, आणि तो ह्यांनी दर वेळी पाळला.

संस्थेला हे सगळं लिहिलं आहे, खुर्चीसकट.

कुमुदिनी


पुणे
२६ फेब्रुवारी २०२५

कुमुद,

यतीननं तक्रार मागे घेतली. त्याला तुझं पत्र दाखवावं लागलं. तो गाडी काढून बाहेर गेला.

मी रागावले आहे. नाही म्हणून काय उपयोग? खुर्ची काढलीस त्यापेक्षा, पडल्यावरही तुला तो आळशीच वाटत होता, याचा राग जास्त आहे. आणि स्वतःचाही येतो. "पुढच्या आठवड्यापासून बघा" असं तू लिहिलं होतंस. मला विचारायला हवं होतं, काय बघू? मी अरे-तुरेचं भांडण घेऊन बसले.

पण आता एक गोष्ट शांतपणे ऐक. शशीला त्या गावात तुझ्याशिवाय कोणाचं बोलणं कळत नाही. नर्स, चौकीदार, दूधवाला, शेजारी, सगळे त्याला तोंडं हलवणारी माणसं. मला बहिरीला विचार ते कसं असतं. आणि मला निदान ठाऊक आहे की मी बहिरी आहे. इथे झाडूवालीसुद्धा मराठी बोलते गं. आता हे तुझ्या हट्टाचं राहिलेलं नाही.

ताई


मयूर विहार
२० मार्च २०२५

ताई,

मला ह्यांना उठवता येत नाही. यतीनला पाठवा.

घरी आणून पंधरवडा झाला. पडल्याची आठवण नाही. विचारलं तर म्हणतात, "कोण पडलं?" पण मी उठवायला काखेत हात घातला की पलंगाची दांडी धरतात आणि ओरडतात. शेजारी जमा होतात इतकं. ह्यांचं करायला ठेवलेली एजन्सीची बाई झारखंडची आहे. तिचा एक शब्द ह्यांना कळत नाही, पण तिनं हात लावला तर घाबरत नाहीत. मी दाराशी उभी राहून मराठीत सांगायचं आणि तिनं उठवायचं, असंही करून पाहिलं. माझा आवाज आला की अंग ताठ करतात. फिजिओथेरपिस्ट म्हणतो, आणखी महिनाभर असं पडून राहिले तर पुन्हा कधीच उभे राहणार नाहीत. म्हणजे ज्याचं बोलणं कळतं त्या माणसाला घाबरतात, आणि ज्याला घाबरत नाहीत त्याचं बोलणं कळत नाही. यातून इथे मार्ग नाही.

रुचिताला कामावर परत घेतलं. घरी आली होती. चांगली मुलगी आहे, बारीक. खूप रडली. म्हणाली, "मावशी, मला मराठी येतं ना थोडं थोडं. मला कळायला पायजे होतं." मी म्हटलं, मला पूर्ण येतं. तिनं आता मोजणं संपलं की "रुकिए" म्हणायचं ठरवलं आहे. ह्यांनी तिला ओळखलं नाही.

केंद्रात सांगून ठेवा. ह्यांच्या मागून कोणी येऊ नये, समोरून यावं. चहा अर्धा कप द्यावा, नाहीतर सांडतात आणि ओशाळतात. चष्मा दोरीनं गळ्यात असावा. उजव्या कुशीवर झोपवू नये. कपड्यांवर नाव घातलं आहे. स्वेटर पुण्याला लागणार नाही, तरी देते.

मी येत नाही. मी तिथे असले तर हे उभे राहणार नाहीत, आणि उभं राहणं सध्या महत्त्वाचं आहे. यतीनबरोबर विमानतळापर्यंत जाईन, गाडीत पुढे बसेन.

माझं नाव घेतलं तर कळवा. नाही घेतलं तरी कळवा. गोड करून लिहू नका.

कुमुदिनी


पुणे
१४ एप्रिल २०२५

कुमुद,

आधी चांगलं लिहिते. शशी उभा राहतो. केंद्रातल्या मावशी समोरून येऊन म्हणतात, "आजोबा, उठा बघू," आणि उठतो. वॉकर धरून काल व्हरांड्याच्या टोकापर्यंत गेला. व्यायाम घेणारा मुलगा म्हणाला की या वयात आणि या आजारात इतक्या लवकर पाय कामाला लागले, याचं कारण आधी कोणी तरी चांगले कमावून घेतले होते. मी म्हटलं, त्याच्या बायकोनं.

आणि बोलतो. दिवसभर. माळ्याशी, स्वयंपाकिणीशी, शेजारच्या खाटेवरच्या सुधाकरांशी. मला ऐकू येत नाही, पण ओठ हलताना दिसतात, आणि समोरची माणसं हसतात. काय बोलतो विचारलं तर मावशी म्हणाल्या, "काही पण. पण गोड बोलतात."

आता तू विचारलंस ते. तुझं नाव घेत नाही. तीन आठवड्यांत एकदाही नाही. एकदा मीच घेतलं. म्हटलं, "शशी, कुमुदचं पत्र आलंय." तर बोलता बोलता थांबला, आणि संध्याकाळपर्यंत कोणाशी बोलला नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी उठेना. परवा कुठे रुळावर आला. म्हणून आता मी तुझी पत्रं घरी वाचते, तिथे नेत नाही.

तू इथे येऊ नकोस, असं मला लिहवत नाही. ये, असंही लिहवत नाही.

ताई